हार्ड, हार्डली आणि आपले ‘फारसे’

नोकरीच्या अर्जात ‘मी पाच वर्षे कसून काम केले’ असे सांगायचे असते आणि उमेदवार लिहून जातो, ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर फाइव्ह इयर्स’. वाचणाऱ्याला त्यातून कळते ते असे की, या गृहस्थांनी पाच वर्षांत काम असे जवळजवळ केलेच नाही. वाक्याच्या रचनेत खोट नाही, स्पेलिंग बरोबर आहे, संगणकही खाली लाल रेघ ओढत नाही. त्यामुळे ही चूक लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि वाचणारा ती सहसा सांगत नाही.

इंग्रजी क्रियाविशेषणांच्या चुका बहुतेक अशाच असतात. काळ चुकला, एकवचन-अनेकवचन चुकले तर वाक्य बोबडे दिसते, पण अर्थ पोहोचतो. क्रियाविशेषण चुकले की वाक्य सुबक राहते आणि अर्थ भलताच होतो. मराठी माणसाकडून या चुका दोन वाटांनी होतात. एक म्हणजे इंग्रजीतच दोन शब्द सारखे दिसतात: हार्ड-हार्डली, लेट-लेटली. दुसरी वाट जास्त फसवी आहे, कारण ती मराठीतून जाते. आपल्या एका ‘शेवटी’साठी किंवा एका ‘अजून’साठी इंग्रजीत निरनिराळे शब्द आहेत, आणि शब्दकोशात त्या सगळ्यांपुढे तोच मराठी अर्थ छापलेला असतो.

आधी हार्ड आणि हार्डली. हार्ड म्हणजे कसून, जोर लावून. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. हे पाठ करण्यापेक्षा आपल्याच भाषेतली ‘फार’ आणि ‘फारसा’ ही जोडी आठवा. ‘त्याने फार अभ्यास केला’ आणि ‘त्याने फारसा अभ्यास केला नाही’. दोन्ही शब्द एकाच घरातले, पण ‘फारसा’ कानावर पडला की आपण पुढच्या ‘नाही’ची वाट पाहतो. हार्डली हा शब्द या ‘फारसा’सारखा वागतो. फरक इतकाच की त्याने ‘नाही’ आधीच पोटात घेतलेले असते. म्हणून त्याच्या जोडीला नॉट लावायचा नाही. ‘आय डिडन्ट हार्डली स्लीप’ हे चूक; ‘आय हार्डली स्लेप्ट’ म्हणजे मला झोप अशी लागलीच नाही. हार्डली एव्हर म्हणजे क्वचितच, हार्डली एनी म्हणजे नसल्यातच जमा.

या दोघांच्या जागाही वेगळ्या आहेत. हार्ड क्रियापदानंतर येतो: ‘शी वर्क्स हार्ड’. हार्डली क्रियापदाच्या आधी येतो: ‘शी हार्डली वर्क्स’. परीक्षेत चूक ओळखायला दिलेल्या वाक्यात ‘वर्क्स हार्डली’ दिसले की चूक तिथेच आहे असे समजावे. अर्थ चटकन आठवला नाही तरी जागेवरून उत्तर मिळते.

हार्डलीच्या शेजारी बेअरली आणि स्केअर्सली राहतात. स्केअर्सली जरा पुस्तकी आहे; वाचताना ओळखता आला की पुरे. बेअरलीचा कल मात्र वेगळा आहे. ‘ही बेअरली पास्ड’ म्हणजे काठावर का होईना, पास झाला. बेअरलीत काम जेमतेम झालेले असते, हार्डलीत ते न झाल्यातच जमा असते. ‘आय हार्डली नो हिम’ असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे त्या माणसासाठी शिफारसपत्र मागू नये.

‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या प्रश्नात शाळेने आपल्याकडून एक गोष्ट घोटून घेतली आहे: नो सूनर असेल तर पुढे दॅन, हार्डली असेल तर पुढे व्हेन. ‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट’. मी स्टेशनात पोहोचतो न पोहोचतो तोच गाडी सुटली. वाक्य बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात ते फार नटवे वाटते. मेलमध्ये ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ने तेच काम साधेपणाने होते.

मुळात असे जुळे शब्द इंग्रजीत आले कुठून? जुन्या इंग्रजीत विशेषणाला ‘ए’ हा प्रत्यय लावला की क्रियाविशेषण तयार होई. पुढे शब्दाच्या शेवटचा हा स्वर उच्चारातून झिजून गेला आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखेच दिसू लागले: हार्ड, लेट, फास्ट, डीप. दुसरी पद्धत ‘-ली’ची. तिच्या मुळाशी ‘लिच’ म्हणजे देह, आकार हा जुना शब्द आहे. दोन्ही पद्धतींचे शब्द शेजारी शेजारी टिकले, आणि एकाच कामाला दोन शब्द उरल्यावर बऱ्याच ठिकाणी भाषेने त्यांच्यात कामाची वाटणी केली. ही वाटणी उपयोगाची आहे. साधे रूप बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींकडे राहिले, तर ‘-ली’वाले रूप मनाकडे, मताकडे, प्रमाणाकडे सरकले. पतंग हाय उडतो, पण माणूस हायली क्वालिफाइड असतो. विहीर डीप खणतात, पण मन डीपली दुखावते. दाताचे डॉक्टर तोंड वाइड उघडायला सांगतात, पण औषध वाइडली वापरले जाते. कोणाजवळ क्लोज उभे राहता येते, पण हिशेब क्लोजली तपासायचा असतो. नवी जोडी समोर आली तर आधी हा अंदाज लावून पाहा. बहुतेक वेळा बरोबर येईल.

सगळीकडे मात्र अशी वाटणी झालेली नाही. स्लो-स्लोली, लाउड-लाउडली, क्विक-क्विकली यांच्या अर्थात फरक नाही, फरक आहे तो औपचारिकपणात. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात विशेषणे क्रियाविशेषणांसारखी वापरण्यावर टीका केली. पुढे शाळांनी ‘-ली’ लावलेले रूपच शुद्ध असे शिकवले. तरी रस्त्याकडेच्या पाटीवर ‘ड्राइव्ह स्लो’ असतेच, आणि त्यात काही चूक नाही. अर्जात आणि निबंधात तेवढे स्लोली, लाउडली लिहावे. फास्टचे ‘फास्टली’ मात्र कुठेच करू नये. आजच्या इंग्रजीत असा शब्द नाही. उलट फ्रेंडली, लव्हली, लोनली यांच्या शेवटी ‘ली’ असली तरी ती विशेषणे आहेत. ‘ही स्पोक फ्रेंडली’ चालत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ असा वळसा घ्यावा लागतो.

उरलेल्या जोड्यांपैकी नियर-नियरली आपल्याला सोपी जावी, कारण मराठीने तेच काम द्विरुक्तीने केले आहे: जवळ आणि जवळजवळ. ‘कम नियर’ म्हणजे जवळ ये; ‘नियरली फिनिश्ड’ म्हणजे जवळजवळ संपले. खरा प्रश्न पडतो तो नियरली की ऑलमोस्ट असा. पुष्कळदा कोणताही चालतो. पण नोबडी, नथिंग, नेव्हर अशा नकारी शब्दांपूर्वी ऑलमोस्टच येतो: ऑलमोस्ट नोबडी केम. ‘नियरली नोबडी’ कोणी म्हणत नाही. उलट व्हेरी आणि नॉट हे शब्द नियरलीला लागतात. ‘व्हेरी नियरली’ चालते, ‘व्हेरी ऑलमोस्ट’ चालत नाही. ‘नॉट नियरली इनफ’ म्हणजे पुरेसे तर नाहीच, पुरेशाच्या आसपासही नाही. मागणीपत्रात हा प्रयोग फार कामाचा आहे.

लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. ‘माय लेट बॉस’ हे उशिरा येणाऱ्या साहेबांबद्दल लिहू नये. नावाआधीचा किंवा नात्याआधीचा लेट म्हणजे कैलासवासी. लेटली आणि रीसेंटली या दोन्हींचा अर्थ शब्दकोश ‘अलीकडे’ असाच देईल, पण लेटली हा चालू असलेल्या काळाबद्दलचा शब्द आहे आणि तो बहुतेक ‘हॅव’वाल्या काळासोबत येतो: ‘आय हॅवन्ट सीन हिम लेटली’. एकदाच घडून गेलेल्या घटनेला रीसेंटली लावा. ‘वुई रीसेंटली बॉट अ फ्लॅट’ बरोबर. तिथे लेटली घातला तर ऐकणाऱ्याला खटकेल.

शॉर्टली हा शब्द फसवतो तो ‘थोडक्यात’ या अर्थामुळे. ‘द चेअरमन विल स्पीक शॉर्टली’ म्हणजे अध्यक्ष लवकरच बोलतील. थोडक्यात बोलतील असे आश्वासन त्यात नाही. त्यासाठी ब्रीफली लागतो. मराठी सभांचा अनुभव घेतलेल्यांना या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे असू शकते ते वेगळे सांगायला नको.

जाहिरात किंवा सूचनाफलक लिहिणाऱ्यांनी फ्री आणि फ्रीलीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘अ‍ॅव्हेलेबल फ्री’ म्हणजे फुकट मिळेल. ‘फ्रीली अ‍ॅव्हेलेबल’ म्हणजे सहज, बिनअडथळा मिळेल. पैसे पडणार की नाहीत याबद्दल ते काहीच बोलत नाही. औषधांच्या किंवा बियाण्यांच्या बाबतीत हा घोळ झाला तर लोक दारात येऊन भांडतील.

एक ‘शेवटी’, अनेक इंग्रजी शब्द

आता दुसरी वाट. ‘शेवटी’ हा शब्द घ्या. गॅदरिंगच्या किंवा सत्काराच्या भाषणात आभार मानायची वेळ येते आणि वक्ता म्हणतो, ‘अ‍ॅट लास्ट, आय थँक द प्रिन्सिपल’. त्याला म्हणायचे असते, ‘शेवटी मी मुख्याध्यापकांचे आभार मानतो’. इंग्रजी कानाला मात्र ऐकू येते, ‘चला, एकदाचे मुख्याध्यापकांचे आभार मानतो’. अ‍ॅट लास्टमध्ये लांबलेल्या प्रतीक्षेचा सुस्कारा आहे. निकाल लागला, पाऊस आला, बिल्डरने ताबा दिला, तिथे अ‍ॅट लास्ट शोभतो. मुद्द्यांच्या यादीतला अखेरचा मुद्दा सांगताना लास्टली किंवा फायनली म्हणावे. फायनली दोन्हीकडे चालतो, म्हणून शंका असली की तो घ्यावा.

‘बऱ्याच खटपटीनंतर, सरतेशेवटी’ या अर्थी इन दि एंड किंवा इव्हेन्च्युअली. इव्हेन्च्युअलीत गेलेल्या काळावर भर आहे: पाच वकील झाले, तारखा पडल्या, इव्हेन्च्युअली तडजोड झाली. इन दि एंडमध्ये निष्पत्तीवर भर आहे. आणि अ‍ॅट दि एंड वेगळाच. त्याच्यामागे कशाचा तरी शेवट असावा लागतो, महिन्याचा, गल्लीचा, सिनेमाचा. ‘अ‍ॅट दि एंड ही अ‍ॅग्रीड’ असे लिहिले तर वाचणारा ‘कशाच्या शेवटी?’ असे विचारेल.

‘पहिल्यांदा’ची हीच गत. मुद्दा मांडताना फर्स्ट किंवा फर्स्टली. ‘अ‍ॅट फर्स्ट’ म्हणजे सुरुवातीला, आणि त्यात पुढे गोष्ट बदलली असे गृहीत असते. मुलाखतीत ‘अ‍ॅट फर्स्ट आय लाइक्ड माय जॉब’ म्हटले की समोरचा पुढच्या ‘बट’ची वाट पाहत बसतो.

‘अजून’ तर याहून गमतीचा आहे. ‘तो अजून इथेच आहे’, ‘तो अजून आला नाही’, ‘अजून एक चहा’. तीन ठिकाणी तीन इंग्रजी शब्द लागतात: स्टिल, येट आणि अनदर. चालू असलेली गोष्ट चालूच आहे तिथे स्टिल. अपेक्षित गोष्ट घडलेली नाही तिथे येट, आणि तो साधारणपणे वाक्याच्या टोकाला. ‘ही हॅजन्ट कम येट’ ही निव्वळ माहिती झाली. ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ यात बोलणाऱ्याचा वैताग आहे. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला स्मरणपत्र लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा. ‘वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट येट’ ही नम्र आठवण. ‘वुई स्टिल हॅव नॉट रिसीव्ह्ड’ म्हणजे आवाज चढला. पहिल्या पत्रात येट लिहावा, तिसऱ्या पत्रात खुशाल स्टिल.

ऑलरेडी या शब्दाने तर मराठीत घरच केले आहे. ‘मी ऑलरेडी सांगितलंय’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजी पत्रात तो जपून वापरावा. ‘अ‍ॅज आय हॅव ऑलरेडी टोल्ड यू’ यात ‘कितीदा सांगायचे?’ हा सूर उमटतो.

‘आधी’चे मोजमाप कुठून सुरू होते ते पाहावे. आत्ताच्या क्षणापासून मागे मोजत असाल तर अगो: ‘थ्री इयर्स अगो’, आणि सोबत साधा भूतकाळ. भूतकाळातल्या एखाद्या बिंदूपासून आणखी मागे जात असाल तर बिफोर किंवा अर्लियर. ‘२०१५ मध्ये आम्ही पुण्यात आलो, त्याच्या तीन वर्षे आधी बाबा निवृत्त झाले होते’ या वाक्यातल्या ‘आधी’ला अगो लावला तर बाबांची निवृत्ती बरीच अलीकडे येऊन पडते.

लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर म्हणून आपण ‘आय विल शुअरली कम’ असे लिहितो. भारतात ते सर्रास चालते आणि कळतेही. पण ब्रिटिश इंग्रजीत शुअरलीमध्ये खात्रीपेक्षा खात्री करून घेण्याची धडपड जास्त असते: ‘शुअरली यू डोन्ट बिलीव्ह दॅट?’ म्हणजे ‘तुझा यावर विश्वास नसेल ना?’ परदेशातल्या माणसाला नक्की येतो म्हणून कळवायचे असेल तर डेफिनेटली किंवा सर्टनली लिहा.

‘फार’ आणि टू यांच्या बाबतीत शाळेचा सराव असूनही आपण चुकतो. ‘रिमूव्ह टू’ या प्रश्नात ‘टू’ काढून ‘सो… दॅट… नॉट’ करायला आपण शिकलो, म्हणजे त्यात नकार दडलेला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही बाहेर पडल्यावर ‘द फूड वॉज टू गुड’ म्हणतो. गप्पांमध्ये त्याचे काही वाटत नाही. पण ‘आय अ‍ॅम टू हॅपी टु मीट यू’ असे पत्रात लिहिले तर शब्दशः अर्थ होतो, ‘मी इतका आनंदात आहे की तुम्हाला भेटू शकत नाही’. व्हेरी लिहा, प्रश्न मिटतो. याला एक अपवाद आहे: टूच्या आधी ओन्ली आला की अर्थ उलटतो. ‘ओन्ली टू हॅपी टु हेल्प’ म्हणजे अगदी आनंदाने मदत करीन. हा प्रयोग तसाच्या तसा पाठ करावा, तर्क लावत बसू नये.

किती चांगले, आणि कुठल्या देशात

क्वाइट हा या सगळ्यांत मला सर्वांत बेभरवशाचा शब्द वाटतो. पुढचे विशेषण कमी-जास्त होऊ शकणारे असेल, जसे गुड, टॉल, टायर्ड, तर ब्रिटिश इंग्रजीत क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. विशेषण पूर्णत्वाचे असेल, जसे राइट, इम्पॉसिबल, सर्टन, तर क्वाइट म्हणजे पूर्णपणे. ‘यू आर क्वाइट राइट’ म्हणजे तुमचे अगदी बरोबर आहे. ‘द एसे इज क्वाइट गुड’ म्हणजे निबंध बरा आहे. अमेरिकेत मात्र तेच ‘क्वाइट गुड’ खरोखरची स्तुती होते. मराठीत ‘बरा’ हा शब्द शेरा आहे की शाबासकी, हे जसे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरते, तसे इथे बोलणाऱ्याच्या देशावरून ठरते. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी क्वाइटपासून दूर राहिलेले विद्यार्थ्याच्या हिताचे. फेअरली आणि रादर यांतही कल असतो. ‘फेअरली वॉर्म’ म्हणणाऱ्याला ऊब आवडलेली असते, ‘रादर वॉर्म’ म्हणणाऱ्याला बहुधा उकडत असते. तुलना करताना रादर चालतो, ‘रादर बेटर’. फेअरली तिथे चालत नाही.

देशानुसार बदलणारे आणखी दोन शब्द अर्जदारांनी आणि परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावेत. प्रेझेंटली म्हणजे भारतात आणि अमेरिकेत ‘सध्या’. ब्रिटिश वळणात त्याचा अर्थ ‘थोड्याच वेळात’ असा होत आला आहे. ‘प्रेझेंटली वर्किंग’ऐवजी ‘करंटली वर्किंग’ लिहिले की कुठेच गैरसमज होत नाही. मोमेंटरिली ब्रिटनमध्ये ‘क्षणभरासाठी’, अमेरिकेत ‘क्षणार्धात’. अमेरिकी विमानात ‘वुई विल लँड मोमेंटरिली’ अशी घोषणा ऐकून ब्रिटिश प्रवासी गमतीने विचारतात की, विमान क्षणभरच टेकणार असेल तर आम्ही उतरायचे कधी.

होपफुलीवरून इंग्रजीत बराच काळ वाद झाला. ‘आशेने’ एवढाच त्याचा अर्थ घ्यावा, ‘अशी आशा आहे की’ या अर्थी तो वापरू नये, असे जाणकार म्हणत. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये तो दुसरा अर्थ मान्य केला. तेव्हा तुम्हीही वापरायला हरकत नाही.

हे सारे पक्के करायचे तर इंग्रजी-मराठी शब्दकोश एका मर्यादेपर्यंतच साथ देतो, कारण त्यात अर्थ असतो, वापर नसतो. शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश वेगळे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या भाषिकांना नेमके काय अडते ते रोज पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश रचला आणि तो १९४२ मध्ये जपानमध्येच निघाला. ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश हा त्याचाच वंशज. तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो, केंब्रिज आणि लाँगमनचेही पाहता येतात. शब्द शोधला की अर्थावर थांबू नका, खालची उदाहरणे मोठ्याने वाचा आणि शब्द क्रियापदाच्या आधी आहे की नंतर तेवढे बघा. मायकेल स्वान यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश युसेज’ हे पुस्तक जमल्यास घरात ठेवावे. १९८० पासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत आणि त्यात अशा जोड्यांवर वेगवेगळ्या नोंदी आहेत.

पुढचा अर्ज किंवा मेल पाठवण्याआधी त्यात हार्डली, टू, शुअरली, शॉर्टली आणि क्वाइट हे शब्द शोधून काढा. जिथे सापडतील ते वाक्य पुन्हा वाचा, आणि जरा जरी शंका आली तर शब्द बदलून टाका.